मुशीच्या गळाला सडका मासा चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुशी पकडायची तर गळाला सडके, रक्ताळलेले मांस लावावे लागते, हा समज मासेमारीवरच्या मजकुरात वारंवार छापून येतो. आपल्या पुरवणीतही तो येऊन गेला. मालवणी मुलखात जिला मोरी म्हणतात आणि वर्तमानपत्रांत जिचा सरसकट ‘शार्क’ होतो, तिच्याबद्दल इतके चुकीचे पसरण्यामागे सिनेमाचा हात मोठा असावा. पण असे वाचून हौशी गळवाले कोंबडीच्या दुकानातला कचरा बादलीत भरून जेटीवर येतात, आणि बोटीवर नवी लागलेली पोरे तीन दिवसांचा बांगडा ‘मुशीला चालतो’ म्हणून उन्हात ठेवतात. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले तर कात्री लावायचा अधिकार आपला आहेच. फक्त बर्फाचा आणि कायद्याचा भाग कापू नये.

आधी वासाचे पाहू. मुशी आमिषाकडे येते ती पाण्यात विरघळलेल्या पदार्थांच्या मागावर. माशाच्या मांसातून पाझरणारी अमिनो आम्ले हा त्यातला मुख्य ऐवज. ताज्या मांसात तो भरपूर असतो, आणि आमिष पाण्यात पडल्यावर पहिल्या एक-दोन तासांतच त्याचा मोठा वाटा वाहून जातो. मासा बोटीवरच नरम पडून त्याचे पाणी सुटले, तर हा ऐवज बादलीच्या तळाशी जमतो आणि समुद्रात सोडायला फक्त चोथा उरतो. रक्ताच्या एका थेंबावर मुशी कोसभरावरून धावत येते, ही तर निव्वळ दंतकथा. वास पाण्याच्या ओढीबरोबर जातो. ओढीच्या खालच्या अंगाला असलेल्या मुशीला तो लागतो, वरच्या अंगाला असलेलीला पन्नास हातांवरूनही पत्ता लागत नाही. प्रयोगशाळेत मोजून पाहिले तेव्हा अमिनो आम्ले ओळखण्यात मुशीचे नाक इतर माशांच्या नाकापेक्षा फारसे तिखट निघाले नाही. तिचे बळ आहे ते वासाची कड धरून ओढीच्या उलट पोहत राहण्यात. त्यामुळे वास किती उग्र यापेक्षा तो किती वेळ सलग सुटत राहतो, याला किंमत आहे.

सडलेल्या मांसाचा दुसरा तोटा साधा आहे: ते गळावर राहत नाही. केंड, खेकडे आणि तळाशी फिरणारी बारीकसारीक मासळी अर्ध्या तासात ते कुरतडून नेते. सकाळी शेकडो गळ बांधलेला लांब दोर ओढताना ओळीने चकचकीत रिकामे गळ वर येतात आणि सगळे म्हणतात, आज मुशी नव्हती. मुशी असेलही. आमिष नव्हते.

याहून वाईट म्हणजे मुशीच्याच आतड्या-कातडीचे आमिष करून ते एक दिवस तसेच ठेवणे. मुशीच्या अंगात युरिया असतो आणि जिवाणू त्याचा झपाट्याने अमोनिया करतात. नाकात झिणझिण्या आणणारा तो वास कोणत्याही कोळणीला ओळखीचा आहे. कुजलेल्या मुशीजवळ दुसऱ्या मुशी फिरकत नाहीत, हे निरीक्षण जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने पाण्यात पडलेल्या सैनिकांसाठी ‘शार्क चेसर’ नावाची वडी काढली ती त्यावरूनच. तिच्यात कॉपर अॅसिटेट आणि पाणी काळे करणारा रंग होता. ती वडी भरवशाची निघाली नाही ही गोष्ट वेगळी, पण कुजलेल्या मुशीचे आमिष लावणारा माणूस स्वतःच्या गळाभोवती जवळपास तीच वडी विरघळवत असतो.

आता मासा कोणता. आपल्या किनाऱ्यावर सर्वांत सोयीचा बांगडा. तेल पुरेसे, अंग घट्ट, कातडी गळ धरून ठेवते, आणि एक बांगडा म्हणजे एक आमिष असा सरळ हिशोब बसतो. तारली, म्हणजे सिंधुदुर्गातला पेडवा, वासाला बांगड्याहून सरस पण अंगाने फार नाजूक. त्यातही पोट खाद्याने भरलेले असेल तर पाचक रसांनी पोटाची भिंत विरघळते आणि गळ ओवताना मासा दोन भागांत हातात येतो. तारली लावायचीच तर तिच्यावर सुती दोऱ्याचे चार-पाच वेढे द्यावेत. नायलॉनचा दोरा किंवा रबरबँड वापरू नये, ते समुद्रात राहते आणि कुणाच्या ना कुणाच्या पोटात जाते. गेदर किंवा छोटा कुपा लाल मांसाचा, तेलकट आणि रक्ताळ, मोठ्या मुशीसाठी उत्तम. मात्र किंमत पाहता त्याची डोकी आणि शेपटीकडचे तुकडेच परवडतात. वाम आणि पाकट यांचा वास बेताचा, पण चामडे चिवट. केंडांचा उपद्रव असलेल्या जागी पाकटाच्या पंखाची पट्टी बाकी सगळे संपल्यावरही गळावर असते. बोंबील या कामाचा नाही, त्याच्या अंगात पाणीच जास्त. माकूल, म्हणजे स्क्विड, टिकतो फार छान, पण त्याच्याबद्दल पुढे वेगळे लिहायचे आहे.

प्रमाणाचा अंदाज चुकला की घाई होते आणि घाईत जुना माल वापरला जातो. समजा दोराला ४०० गळ आहेत आणि प्रत्येकी साधारण १२० ग्रॅमचा एक बांगडा लावायचा आहे. त्याचे झाले ४८ किलो. फुटके, पोट गेलेले आणि ओवताना वाया जाणारे धरून त्यावर सात-आठ किलो जास्त घ्यावेत, म्हणजे एका फेरीला ५५ किलो. तुकड्यांचे आमिष असेल तर एकेक तुकडा १५० ते २५० ग्रॅमचा धरावा आणि आतडी, कल्ले, काटा जमेस न धरता हिशोब करावा. तीन किलोच्या गेदरमधून असे आठ-दहा तुकडे निघाले तर खूप झाले. आमिष मोठे केले की मुशी मोठी लागते, हे काही अंशी खरे. पण त्याहून खरे हे की आमिष मोठे केले की गळाचे टोक त्यात बुडते, आणि मुशी आमिष चावून, गळ तसाच टाकून निघून जाते.

बर्फाचे प्रमाण किलोला किलो. आमिषच तर आहे, म्हणून त्याला खाण्याच्या मासळीपेक्षा कमी बर्फ घालणे ही सगळ्यांत महागात पडणारी काटकसर. खणाच्या तळाला चार बोटे बर्फ, त्यावर माशाचा एक थर, पुन्हा बर्फ, आणि शेवटी वर जाड थर. वितळलेले पाणी खाली निघून जायला वाट हवी, नाहीतर खालचा थर स्वतःच्याच पाण्यात भिजून पांढरा पडतो. बर्फाच्या मोठ्या लाद्या माशावर ठेवल्या की खालचे मासे चेपतात आणि मधल्या पोकळीत हवा खेळते. बर्फ फोडून, बोराएवढा करून घालावा. चांगल्या आमिषाची खूण विचारली तर बाजारात बायका पाहतात तीच: डोळा फुगीर, कल्ला लाल, आणि बोट दाबून काढले की खळगा भरून येतो. ज्या बांगड्यावर बोटाचा ठसा राहतो तो गळावरही राहत नाही.

गोठवलेल्या आमिषाबद्दल तक्रारी बऱ्याच ऐकू येतात. दोष बहुतेकदा गोठवण्याच्या वेगाचा असतो. मासे गोठवण्याच्या कारखान्यात मासा झटपट उणे १८ अंशांखाली नेतात तेव्हा मांसातले बर्फाचे कण बारीक राहतात. घरच्या फ्रीजमध्ये दहा किलोची पिशवी एकदम कोंबली की मधला भाग गोठायला दिवस लागतो, कण मोठे होतात, मांसाच्या पेशी फाटतात आणि वितळल्यावर हातात लगदा येतो. घरी गोठवायचेच असेल तर एकेक थर ट्रेमध्ये पसरून गोठवावा आणि कडक झाल्यावर पिशवीत भरून तोंड घट्ट बांधावे. वितळवताना गोडे पाणी ओतू नये. कातडी फुगते आणि सुटते. आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून बर्फाच्या खणात ठेवले की पहाटेपर्यंत मासा बाहेरून मऊ आणि आतून कडक असा होतो. कापायला आणि ओवायला हीच अवस्था सगळ्यांत बरी. सुरी सरळ चालते, तुकड्याच्या कडा फाटत नाहीत. एकदा पूर्ण वितळलेले आमिष पुन्हा गोठवण्यात अर्थ नाही. ते खारवावे.

खारवण्याची रीत अशी. आतडी काढून, समुद्राच्या पाण्याने धुऊन, निथळलेल्या दहा किलो माशाला दीड ते दोन किलो खडे मीठ. थर देत टबात रचायचे, वर पाट आणि वजन. बारा तासांत टबात पाणी जमते ते ओतून टाकायचे. रात्रभरात मांस चामड्यासारखे घट्ट होते आणि सावलीत, झाकून काही दिवस टिकते. किंमत मोजावी लागते ती वासाची. टबातून ओतलेल्या पाण्याबरोबर विरघळणारा ऐवजही गेलेला असतो. खारवलेले आमिष म्हणून जिथे कुरतडणारी मासळी त्रास देते तिथे उपयोगी, एरवी दुय्यम. काही जण दर चार ताज्या आमिषांमागे एक खारवलेले लावतात. ही तडजोड वाईट नाही: पहिल्या दोन तासांचा वास ताज्याने द्यायचा, त्यानंतरचा टिकाव खारवलेल्याने.

आता ओवणे, ज्यात खरे कसब आहे. अख्खा बांगडा घ्यावा, शेपटीचा पंख मुळाशी छाटावा. हे छाटणे शोभेचे नाही. पंख ठेवला तर पाण्याच्या ओढीत बांगडा भिंगरीसारखा फिरतो, उपदोराला, म्हणजे मुख्य दोराला गळ जोडणाऱ्या आखूड दोराला, पीळ पडतो आणि सकाळी गळ सोडवण्याऐवजी गाठी सोडवत बसावे लागते. मग दोन्ही कुशींवर सुरीने तिरपे, काट्याला टेकतील असे दोन-दोन चर. रस पाझरतो तो इथून. गळ डोळ्यांच्या खोबणीतून आरपार घालावा, कारण माशाच्या डोक्यात गळाला धरायला तेवढेच हाड मिळते. गळाचे टोक आणि त्याचा उलटा काटा पूर्ण बाहेर दिसला पाहिजे. टोक मांसात लपवले की माशाला कळत नाही, असे मानणारे बरेच आहेत. मुशीच्या बाबतीत तो विचार सोडावा, ती टोक पाहून परत फिरत नाही. कुप्याचा तुकडा असेल तर तो काट्यासकट आडवा, चार-पाच सेंटिमीटर जाडीचा कापावा आणि गळ कातडीतून आत, काट्याच्या बगलेतून, पुन्हा कातडीतून बाहेर असा काढावा. नुसत्या मांसातून ओवलेला तुकडा पहिल्या हिसक्याला सुटतो. पट्टी कापायची तर बोटभर लांब नव्हे, वीतभर. रुंदी चार बोटे. कातडी राखून, आणि एका टोकाला दोनदा ओवून. उरलेले टोक मोकळे लोंबू द्यावे.

गळाचा प्रश्न आमिषाला चिकटूनच येतो. सरळ दांड्याचा, इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा गळ मासा गिळतो आणि तो घशात किंवा पोटात रुततो. टोक आत वळलेला गोल गळ गिळला तरी ओढ बसताच घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. कोपऱ्यात अडकलेली मुशी सोडायची झाली तर जिवंत सोडता येते, आणि ठेवायची झाली तरी दोर ओढेपर्यंत ताजी राहते. पण गोल गळाला आमिष फुगवून लावले की टोक आणि दांडा यांतली फट भरते, मग तो कशालाच धरत नाही. गोल गळ ‘लागत नाही’ म्हणून टाकून देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आमिष जुन्याच मापाचे ठेवलेले असते. त्यावर झटका मारायचा नाही, हेही लक्षात ठेवावे. दोर सावकाश ताणत न्यावा. गंजणारा लोखंडी गळ स्टेनलेसपेक्षा बरा, कारण तुटून तोंडात राहिला तर काही काळात झिजून जातो.

गळाजवळ वायर लावली तर मुशी जास्त हाती येतात, नुसत्या नायलॉनवर त्या दोर चावून सुटतात. ऑस्ट्रेलियाच्या ट्यूना पकडणाऱ्या लांब दोरांना नेमकी याच कारणासाठी वायर लावायला बंदी आहे. म्हणजे ज्याला कुपा हवा, मुशी नको, त्याने वायर काढून टाकावी. एवढ्या एका बदलाने जो फरक पडतो तो आमिष बदलूनही पडत नाही.

हौशी मंडळी ज्याला ‘चम’ म्हणतात, म्हणजे मासे ओढून आणायला पाण्यात सोडलेला बारीक केलेला माल, त्याबद्दल थोडे. लांब दोर टाकणाऱ्याला याची गरज नाही. त्याची शेकडो आमिषेच पाण्यात वासाचा पट्टा तयार करतात. एका जागी नांगर टाकून बसणाऱ्याला उपयोग होतो. तारली-बांगड्याची डोकी, आतडी आणि फुटका माल खलबत्त्यात किंवा जुन्या यंत्रात बारीक करायचा, त्यात भाताचा कोंडा मिसळायचा आणि कांद्याच्या जाळीदार गोणीत भरून ओढीच्या दिशेला सोडायचा. पाच किलो दोन-तीन तास पुरला पाहिजे. लवकर संपला तर जाळी मोठी आहे किंवा तुकडे मोठे आहेत. मोठे तुकडे म्हणजे फुकटचे जेवण, मासा तिथेच पोट भरून घेतो. गळ नेहमी त्या पट्ट्यात, ओढीच्या खालच्या अंगाला असावा. भरती-ओहोटी फिरली की पट्टाही फिरतो आणि गळ बिनवासाच्या पाण्यात राहतात. उधाणाच्या दिवसांत तर हे तासातासाला तपासावे लागते. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी बेताची असते तेव्हा, पाणी संथ, पट्टा बोटीखालीच साचतो, तेव्हा चम जवळपास बंदच ठेवावा.

कोंबडीचे रक्त आणि आतडी मात्र नकोत. पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क आकर्षित करण्यासाठी सस्तन प्राण्यांचे किंवा पक्ष्यांचे रक्तमांस पाण्यात टाकणे बेकायदा आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १ जुलै २०१९ पासून पुळणीवरून मासे धरताना चम टाकायलाच मनाई आहे. तिथे किनाऱ्यावरून शार्क धरायला वेगळा परवाना लागतो, नैसर्गिक आमिष लावायचे तर स्टेनलेस नसलेला गोल गळ सक्तीचा, आणि गळ किंवा वायर तोडायचे हत्यार जवळ ठेवावे लागते. लोक जिथे पोहतात त्या पाण्यात चम सोडू नये, हे सांगायला खरे तर कायदा लागू नये. आपल्याकडे तारकर्ली किंवा गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी कुणी बादली रिकामी करताना दिसले तर त्याला तिथेच थांबवावे.

माकूलाकडे येऊ. समुद्री कासव माकूल कुरतडत नाही. रबरासारखे मांस तुटत नाही म्हणून ते आख्खे आमिष गळासकट गिळते. माशाचे मांस ते चावून चावून सोडवते आणि गळ बऱ्याचदा मागे राहतो. अटलांटिकमध्ये अमेरिकी बोटींवर झालेल्या प्रयोगांत मोठा गोल गळ आणि बांगड्याच्या कुळातला मासा, या जोडीने लॉगरहेड जातीची कासवे अडकण्याचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी घटले. २००४ पासून तिथल्या लांब दोराच्या बोटींना गोल गळ सक्तीचे आहेत. आपल्या किनाऱ्यावर वेळास, आंजर्ले, गुहागर इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. त्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, किनाऱ्याजवळच्या दोराला माकूल लावूच नये. बांगडा लावा. तो स्वस्तही पडतो.

आमिष म्हणून डॉल्फिनचे मांस वापरण्याची प्रथा भारतासह अनेक देशांत नोंदली गेली आहे. चरबी भरपूर, कातडी चिवट, म्हणून ते चालते हे खरे. पण डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आहे. जाळ्यात मेलेला सापडला तरी त्याचा तुकडा गळाला लावणे हा गुन्हाच, आणि शिक्षा तीन ते सात वर्षे कैद व किमान २५,००० रुपये दंड. जाळ्यात जिवंत अडकला तर जाळे कापून सोडावा. त्यासाठी राज्य सरकारने डिसेंबर २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई ठेवली आहे. जाळे कापतानाचे मोबाइल चित्रण तेवढे जपून ठेवावे.

मुशींतही सगळ्या सारख्या नाहीत, आणि मुशी पकडल्याच्या बातम्यांत नेमके हेच राहून जाते. व्हेल शार्क २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहे. ती तशी आमिषाला लागत नाही, जाळ्यात अडकते. त्याच वर्षी करवत मासे, पाँडिचेरी शार्क, गंगेतली शार्क आणि काही पाकटेही संरक्षित झाली. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, यादी आणखी लांबली. मुशी समुद्रातच पंख कापून टाकून द्यायला २०१३ पासून बंदी आहे, पंख अंगासह बंदरात आले पाहिजेत. आणि २०१५ पासून पंखांची निर्यातही बंद आहे. याचा आमिषाशी संबंध असा, की रात्रीच्या काळोखात वर येणारी मुशी कोणती हे आधी सांगता येत नाही. सोडायची वेळ येणारच, हे धरूनच गळ आणि वेळ ठरवावी. दोर पाण्यात दोन-तीन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बऱ्याच जातींच्या मुशींना श्वासासाठी पोहत राहावे लागते. अशी मुशी गळावर खिळली की गुदमरते. हातोड्यासारख्या डोक्याची कानमुशी तर सगळ्यांत आधी मरते. रात्रभर ठेवलेल्या दोरावर सकाळी ती मेलेलीच मिळते, मग सोडण्या-न सोडण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय आमिषाचा वास पहिल्या दोन तासांतच ओसरतो, हे वर सांगितलेच आहे. म्हणजे उरलेले आठ तास दोर निव्वळ आशेवर पडलेला असतो. संध्याकाळी टाकून एकदा ओढावा, आमिष बदलावे आणि पहाटेआधी पुन्हा टाकावा. मेहनत दुप्पट, हे मान्य. कन्याकुमारीकडचे थूथूरचे मच्छीमार लांब दोराने मुशी धरण्यात देशात पहिल्या ओळीतले मानले जातात. अशा दोरावर गळाच्या संख्येइतकेच महत्त्व आमिष बदलण्याच्या शिस्तीला असते.

आणि दोर तळाला लोळू देऊ नये. तळावर पडलेले आमिष म्हणजे खेकड्यांची पंगत. दर पाच-सहा गळांमागे एक छोटा बोया बांधला की आमिष तळापासून पुरुषभर वर तरंगत राहते.

शेवटी उरलेल्या आमिषाचे. पहाटे दमलेले खलाशी बादलीतला उरलेला बांगडा रश्शात टाकतात. तो रात्रभर बर्फाबाहेर राहिलेला असेल तर खाऊ नये. बांगडा, कुपा, गेदर हे मासे उबेत राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामाइन तयार होते. ते उकळून किंवा तळून जात नाही, आणि वासावरून ओळखूही येत नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, अंगावर गांधी, डोके ठणकणे, कधी धाप. बोटीवर याला ‘मासा बाधला’ म्हणतात आणि दोष तिखटाला देतात. बर्फाबाहेर गेलेला माल आमिषाच्या बादलीतून परत खाण्याच्या टोपलीत येता कामा नये, यासाठी बादलीवर तेलरंगाचा एक पट्टा ओढून ठेवणे पुरते.

कळावे,
गळाच्या मासेमारीशी संबंधित काही वाचक,
सिंधुदुर्ग